तो मुद्दाम आवाज काढत नाही

आम्ही घोडेगावच्या बचत गटातल्या बाया. आमच्या एका ताईचा नऊ वर्षांचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा आहे. मीटिंगमध्ये तो मधेच घसा खाकरायचा, "हुं हुं" करायचा, खांदे उडवायचा. आम्ही "गप रे" म्हणायचो. आवाज आणखी वाढायचा. शेवटी ताईच यायची बंद झाली, हप्ता शेजारणीच्या हाती धाडू लागली. चूक आमची होती.

या मुलांच्या पेशींत बहुधा ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, एकविसावं एक जास्तीचं. त्यात आईचा दोष नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. काही मुलांना असे आवाज आपसूक येतात. शिंक दाबावी तसे घटकाभर दाबता येतात, पण पुन्हा येतातच. रागावलं, टक लावून बघितलं की वाढतात.

मात्र आधी कान, घसा आणि ऐकणं तपासून घ्या. दुखतंय हे लेकराला सांगता येत नाही. आणि तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ दचकल्यासारखं वाकत असेल, किंवा मूल एकटक बघत राहून हाकेला ओ देत नसेल, तर ती फिट असू शकते. मोबाईलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा.

आम्ही ताईच्या घरी जाऊन माफी मागितली. आता मीटिंगची सतरंजी तोच अंथरतो, "हुं हुं" करत.