मुलाच्या उत्तरात आपले शब्द नकोत

रोर्शाकची शाईच्या डागांची चाचणी, तिची दहा कार्डं, हे सगळं तुम्ही ऐकून असाल. त्यात मी वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय: मूल उत्तर देत असताना मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

दुधाला विरजण लावलं की आपण भांडं हलवत नाही, तसंच हे. दूध आधी कोमट हवं, म्हणून मुलाशी आधी गप्पा मारा, त्याची भीड चेपू द्या. पण कार्ड हाती दिलं की ढवळाढवळ बंद. ‘हे काय असेल?’ एवढंच विचारायचं. पोर म्हणतं, ‘वटवाघूळ.’ तेवढ्यात आई म्हणते, ‘अरे, नीट बघ, फुलपाखरू आहे ना?’ झालं, दही मोडलं! आईंना बाहेर बसवा. आणि चाचणी घेणाऱ्यांनो, तुम्हीही ‘पंख दिसतात का?’ असं विचारू नका. पंख मुलानं सांगितलेच नव्हते, ते तुम्ही चिकटवलेत. सगळी कार्डं झाल्यावर विचारायचं ते इतकंच: कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं? उत्तर शब्द न् शब्द लिहा. बोबडं असेल तर बोबडंच.

आणि नुसती साय बघून दही कसं लागलंय ते ठरवू नका. चार वर्षांचं मूल एकच उत्तर कार्डामागून कार्डाला देतं. त्या वयात ते चालायचंच. लाल रंग बघून ‘रक्त’ म्हणालं, म्हणून मूल हिंसक ठरत नाही. 2000 साली हॅमेल, शॅफर आणि अर्डबर्ग यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातली 6 ते 12 वर्षांची 100 मुलं, सगळी चांगली हसतीखेळती. पण या चाचणीच्या गुणांकनाची पद्धत घालून देणाऱ्या एक्स्नरच्या रूढ तक्त्यांवर ताडून पाहिलं, तर त्यांतली कितीतरी गंभीर आजारी वाटावीत! अशा तक्त्यावरून मुलाच्या कपाळी शिक्का मारणार का तुम्ही?

किशोरवयीन मुलांचं आणखी वेगळं. ती ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसतात. एक्स्नर पद्धतीत 14 पेक्षा कमी उत्तरं आली तर त्यांवर निष्कर्ष काढत नाहीत. तेव्हा थांबा, त्यांच्याशी पुन्हा गप्पा मारा. शाळेतल्या समुपदेशकांनो, पालकांनो, पुन्हा सांगते: मूल बोलत असताना मध्ये बोलू नका. सुचवू नका, सुधारू नका, घाई करू नका.