भाव बदलण्याचा अधिकार

पेट्रोल-डिझेलच्या दरावर बोलणे सुरू झाले की ते दोन वाटांनी जाते. कोणी तेल कंपन्यांच्या नफ्याकडे बोट दाखवतो, कोणी सरकारच्या करांकडे. या दोन्ही गोष्टींवर मी बोलणार आहेच. पण बीड जिल्ह्यात बसून या विषयाचा विचार करताना मला त्यांच्याही आधीचा एक प्रश्न दिसतो. आपल्या मालाचा, सेवेचा किंवा श्रमाचा भाव बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो त्याला किती दिवसांनी वापरता येतो? 16 जून 2017 पासून तेल कंपन्यांना पंपावरचा दर रोज सकाळी सहा वाजता बदलण्याची मुभा आहे. ट्रकमालक डिझेल वाढले की महिन्या-पंधरा दिवसांत भाडे वाढवतो. एसटीने ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17 टक्के आणि मग जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ केली. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, वर्षातून एकदा ठरते. ऊसतोडणीचा दर तीन-तीन वर्षांच्या करारांनी ठरतो. आणि जो शेतमजूर कुठल्याच करारात नाही, त्याचा रोज वाढायला किती वर्षे लागतील, हे सांगणारा कागदच नसतो. इंधनाची दरवाढ या उतरंडीवरून खाली येते आणि ज्याला ती पुढे ढकलता येत नाही त्याच्यापाशी थांबते. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे तिथेच उभी आहेत, एवढेच मला आज पुराव्यानिशी मांडायचे आहे.

आधी वरच्या टोकाचे पाहू. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. अनुदानाचा बोजा तिजोरीवर पडत होता, तो कंपन्यांच्या ताळेबंदात आणि तेल रोख्यांत लपवला जात होता, आणि बाजाराचा भाव ग्राहकाला कळत नव्हता. मुक्त दराचा अर्थ असा होता की कच्चे तेल महागले तर ग्राहक जास्त देईल आणि स्वस्त झाले तर त्याचा लाभही त्यालाच मिळेल. प्रत्यक्षात पहिला भाग पाळला गेला, दुसरा राहून गेला. 2013-14 मध्ये भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला 105 डॉलरच्या वर होता, तो 2015-16 मध्ये 46 डॉलरवर आला. या घसरणीच्या काळात, नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 दरम्यान, केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. करोनाच्या साथीत, मार्च आणि मे 2020 मध्ये, तेच पुन्हा झाले. एप्रिल 2014 मध्ये डिझेलवर लिटरला 3 रुपये 56 पैसे असलेले केंद्रीय शुल्क मे 2020 मध्ये 31 रुपये 83 पैशांवर गेले. पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला 2014-15 मध्ये सुमारे 99 हजार कोटी रुपये मिळाले होते. 2020-21 मध्ये, म्हणजे लोक घरात बसलेले असताना, ही रक्कम सुमारे 3 लाख 73 हजार कोटी झाली. जुन्या तेल रोख्यांची फेड हे कारण त्या वेळी सांगितले गेले. त्या रोख्यांची सारी मुद्दल मिळून सव्वा ते दीड लाख कोटींच्या दरम्यान होती आणि ती अनेक वर्षांत विभागून फेडायची होती. एका वर्षाच्या वसुलीशी तिची तुलना केली तर हे कारण पुरेसे ठरत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी एप्रिल 2022 च्या पहिल्या आठवड्यानंतर रोज दर बदलणे थांबवले. युक्रेन युद्धामुळे तेल भडकले होते, आणि दर गोठवल्यामुळे आपल्याला त्या भडक्यापासून खरेच संरक्षण मिळाले. एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत तिघींना मिळून 18 हजार कोटींहून अधिक तोटा झाला. या तोट्याचा उल्लेख टाळून नफ्यावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हिशोब तिथे संपत नाही. 2022-23 चे पूर्ण वर्ष धरले तर तिघींची बेरीज तोट्यातून वर आली होती आणि घरगुती गॅसवरच्या तोट्यापोटी केंद्राने 22 हजार कोटींचे अनुदानही दिले होते. पुढच्या वर्षी, 2023-24 मध्ये, इंडियन ऑइलला 39,619 कोटी, भारत पेट्रोलियमला सुमारे 26,700 कोटी आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला सुमारे 14,700 कोटी निव्वळ नफा झाला. एकूण 81 हजार कोटी. त्या वर्षात पंपावरचा दर जवळजवळ हलला नाही. वर्ष संपायला पंधरा दिवस असताना, मार्च 2024 मध्ये, लिटरला 2 रुपये कमी झाले. हा सगळा नफा पंपावरून आलेला नाही, त्यात शुद्धीकरणाचा वाटा मोठा आहे, हे मान्य. 2024-25 मध्ये तो बराच उतरला, हेही मान्य. तरी एक साधा हिशोब करून पाहा. पिंपात 159 लिटर तेल असते. 2023-24 मध्ये पिंपाचा सरासरी भाव साडेब्याऐंशी डॉलरच्या आसपास होता, मे 2025 मध्ये तो 64 च्या आसपास आला. रुपयाची घसरण धरूनही लिटरमागे कच्च्या तेलाचा खर्च 8 रुपयांहून अधिक उतरला. ग्राहकाच्या वाट्याला त्यातले ते आधीचे 2 रुपयेच आले. एप्रिल 2025 मध्ये आणखी 2 रुपये कंपन्यांनी सोडले, पण ते उत्पादन शुल्काच्या रूपाने केंद्राच्या तिजोरीत गेले आणि पंपावरचा आकडा होता तिथेच राहिला. त्याच दिवशी घरगुती सिलिंडर 50 रुपयांनी महागला.

कंपनी दोषी की सरकार, हा वाद मला फोल वाटतो तो यामुळेच. इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियममध्ये निम्म्याहून अधिक भागभांडवल केंद्राचे आहे, हिंदुस्थान पेट्रोलियम सरकारी ओएनजीसीच्या ताब्यात आहे. नफा लाभांशाच्या रूपाने आणि शुल्क कराच्या रूपाने, दोन्ही एकाच घरात मोठ्या प्रमाणात पोहोचतात. राज्याचेही हात यात आहेत. मूल्यवर्धित कर टक्केवारीत असल्याने केंद्राच्या शुल्कावरही तो लागतो. आणि आपल्या जिल्ह्याने विसरू नये अशी एक गोष्ट आहे: 2015 च्या दुष्काळात राज्याने 1 ऑक्टोबरपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये जादा आकारणी सुरू केली. कारण दिले दुष्काळ निवारणाचे. ती रक्कम मुंबई-पुण्यातून जशी आली तशी बीड, गेवराई, केजच्या पंपांवरूनही आली. ज्या जिल्ह्यात टँकर, चारा छावणीच्या गाड्या आणि विहिरीवरची इंजिने डिझेलवर चालत होती, तिथे दुष्काळग्रस्ताने आपल्याच दुष्काळाचा अधिभार भरला. पुढे पावसाची वर्षे आली तरी पेट्रोलवरचा अधिभार गेला नाही. आज तो लिटरला 5 रुपये 12 पैसे आहे. या पैशांतून मराठवाड्यात कोणते बंधारे झाले, किती टँकर कमी झाले, याचा वेगळा हिशोब मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

डिझेल महागले की बीडला ते इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक का बोचते? परळीचे जंक्शन सोडले तर हा जिल्हा कित्येक दशके रस्त्यावरच चालला. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग पिढ्यांचे स्वप्न होता. जिल्ह्याच्या ठिकाणी पहिली प्रवासी गाडी धावली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्यामुळे खत, किराणा, सिमेंट, जनावरांचा चारा आत येतो तो ट्रकने, आणि कापूस, सोयाबीन, दूध बाहेर जाते तेही ट्रक-टेम्पोने. मालवाहतुकीचा भार दोन्ही वेळा इथल्याच माणसावर पडतो. घेताना तो किमतीत मिसळलेला असतो, विकताना व्यापारी तो भावातून वजा करतो. बैल कमी झाल्याने नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी सगळे भाड्याच्या ट्रॅक्टरवर आले आहे. ट्रॅक्टरवाला एकरी दर वाढवतो, त्यालाही इलाज नसतो. पण शेतकऱ्याने आपल्या सोयाबीनच्या पोत्यावर ती वाढ लावून दाखवावी! मोंढ्यात भाव विचारायचा असतो, सांगायचा नसतो. हमीभावाच्या गणितात इंधनाचा खर्च धरला जातो, मात्र हमीभाव मिळतोच असे कोण म्हणेल?

आणि ऊस. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते, म्हणून तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. डिझेल वाढले, वाहतुकीचा दर वाढला, की शेतकऱ्याच्या हातातले पैसे तेवढे घटतात. कारखान्याला त्यात सोसावे लागत नाही. शेतकऱ्याच्याही खाली कोयता आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या गावांतून दरवर्षी लाखो माणसे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांच्या दरात 14 टक्के वाढ झाली. तेव्हा दिल्लीत डिझेल लिटरला 70 रुपयांच्या आसपास होते. पुढच्या वर्षभरात ते 98 वर गेले, महाराष्ट्रात तर शंभरी ओलांडून गेले. खाद्यतेल, डाळ, गावी जाण्याचे भाडे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची औषधे, सगळे चढत गेले. कोयत्याचा दर मात्र जानेवारी 2024 पर्यंत तसाच राहिला. त्या महिन्यात साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या लवादाच्या बैठकीत 34 टक्के वाढ ठरली. ही वाढ मोठी दिसते, आणि ती मिळवणाऱ्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती मागच्या तीन वर्षांच्या झिजेची भरपाई होती, आणि मधल्या हंगामात कमी पडलेले पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीत कर्ज होऊन बसले होते. दर तीन वर्षांनी मोठी वाढ देण्याची रीत मजुराला मधली दोन वर्षे कर्जावर जगायला लावते. उचलीचे जे चक्र आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो, त्याचा एक आरा या कराराच्या मुदतीत आहे.

यावर अर्थशास्त्राचे अभ्यासक एक आक्षेप घेतील, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतील, इंधनाचा महागाईवरचा परिणाम तुम्ही वाढवून सांगता. 2012 पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात पेट्रोलचे वजन 2.19 टक्के आणि डिझेलचे अवघे 0.15 टक्के होते. आकडे खरे आहेत. पण ते घराने थेट विकत घेतलेल्या इंधनाचे आहेत. डिझेल फारच थोडी घरे थेट विकत घेतात. बाकीची ते गव्हात, भाजीत, तिकिटात मिसळलेले विकत घेतात. घाऊक निर्देशांकात डिझेलचे वजन 3.10 टक्के धरले जात होते, त्याचे कारण हेच. शिवाय त्याच निर्देशांकात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नपदार्थांचा वाटा 54 टक्क्यांच्या घरात होता. ज्याचा निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर होतो, त्याला वाहतुकीची वाढ अन्नातून भेटते, आणि ती निर्देशांकात डिझेलच्या नावावर दिसत नाही.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. रस्ते, मोफत धान्य, संरक्षण यांना पैसा लागतो, तो कुठून आणायचा? कराला माझा विरोध नाही. पण लिटरमागे ठरावीक रुपयांचा कर ट्रॅक्टरवाल्याला आणि आलिशान मोटारवाल्याला सारखाच लागतो. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांच्या नफ्यावरचा मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणण्याचा पर्याय दिला गेला आणि पुढच्याच वर्षी डिझेलवरचे शुल्क विक्रमी पातळीवर गेले. या दोन निर्णयांतून सरकारची निवड दिसते. राज्यांच्या अंगानेही हे पाहावे. डिझेलवरच्या केंद्रीय शुल्कापैकी लिटरला 1 रुपया 80 पैशांचे मूळ शुल्कच राज्यांशी वाटले जाते. उपकर आणि विशेष अतिरिक्त शुल्क दिल्लीतच राहते. मग राज्यही आपला कर सोडत नाही, आणि वस्तू व सेवा कराच्या कक्षेत पेट्रोल-डिझेल आणण्याचा विषय सप्टेंबर 2021 मध्ये त्या कराच्या परिषदेच्या लखनौच्या बैठकीत आला तसाच मागे गेला. तिसरा आक्षेप पर्यावरणाचा: स्वस्त इंधन म्हणजे जास्त धूर. म्हणूनच मी स्वस्त डिझेल मागत नाही. ज्या भागात रेल्वे आता कुठे आली, तिथल्या माणसाला महाग डिझेलने दुसऱ्या साधनाकडे वळवता येत नाही, एवढे मात्र लक्षात घ्यावे लागेल.

माझी मागणी नियमाची आहे. दर मुक्त असेल तर तो दोन्ही दिशांनी मुक्त असावा. गोठवायचा असेल तर कशाच्या आधारे, किती काळ, आणि चढत्या काळातला तोटा उतरत्या काळात कुठपर्यंत भरून घ्यायचा, हे आधी लिहून जाहीर व्हावे. तोटा भरून निघाला त्या दिवसापासून दर उतरला पाहिजे. एफआरपीला साखर उताऱ्याचे सूत्र आहे आणि ते आपल्या गावातला शेतकरी तोंडपाठ सांगतो. डिझेलच्या दराचे सूत्र त्याला सांगता येत नाही, कारण ते लोकांसमोर ठेवलेलेच नाही.

दुसऱ्या टोकालाही नियम हवा, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. सरकारी नोकरांना जानेवारी आणि जुलैपासून लागू होणारा महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे. शेतमजुरांसाठीचा स्वतंत्र ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम ब्युरो दर महिन्याला प्रसिद्ध करतो आणि रोजगार हमीची मजुरी दरवर्षी त्यावरूनच ठरत आली आहे. म्हणजे मोजमाप तयार आहे. जानेवारी 2024 मध्ये ठरलेल्या दरांची मुदत 2025-26 च्या हंगामाबरोबर संपते. पुढच्या करारासाठी साखर संघ, मजूर संघटना आणि लवाद बसतील तेव्हा टक्केवारीवर घासाघीस होईल, ती व्हावीच. तिच्या जोडीला एक कलम मांडले जावे: मूळ दर तीन वर्षांसाठी, पण दर हंगामाच्या सुरुवातीला शेतमजूर निर्देशांकातल्या वाढीइतकी वाढ आपोआप, आणि तिच्यावर मुकादमाचे कमिशन न कापता, थेट तोडणाऱ्याच्या खात्यात. कारखाने म्हणतील, साखरेचा भाव आमच्या हातात नाही. ते खरे आहे. पण इथेनॉलचे दर सरकार ठरवते, आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेल्यानंतर साखर उद्योग इंधनाच्या व्यवहारात भागीदार झाला आहे. उसापासूनचे इंधन ज्या पंपावर विकले जाते, त्या इंधनाच्या दरात कोयत्याच्या मजुरीची वाढ धरा, अशी मागणी कारखान्यांनी आणि मजुरांनी मिळून केंद्राकडे करता येईल. हंगाम एप्रिलपर्यंत उरकतो, टोळ्या गावी परततात. कलमाचा मसुदा त्यांच्याच गावात, त्यांच्यासमोर वाचून तयार करायला त्यानंतरचे चार-पाच महिने हाताशी असतात.