जमिनीवरून वरच्या आकाशाचा वेध



मराठीच्या अध्यापकाने रडारवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु उज्जैनकराला आकाश परके नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली आपली वेधशाळा मोडकळीस आली असता १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला. ते काम गोविंद सदाशिव आपटे यांनी पाहिले. त्या दगडी यंत्रांनी सूर्य आणि तारे मोजले. मधल्या हवेचा वेध घेणे मात्र विसाव्या शतकाच्या वाट्याला आले.

साठ ते शंभर किलोमीटर उंचीचा पट्टा मोठा अडचणीचा. हवामानाचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरांवर फुटतात, आणि उपग्रहाला इतक्या खाली फिरता येत नाही. रॉकेट तेथे पोहोचते. थुंब्याहून पहिले रॉकेट १९६३ साली उडाले. पण ते क्षणभरात तो पट्टा ओलांडते. पाहुण्याने उंबऱ्यावरूनच परतावे, तसा हा प्रकार! रोजचा वारा जाणायचा तर जमिनीवरच ठाण मांडून बसावे लागते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ च्या सुमारास असे ठाण मांडले. तेथील रडारची रेडिओलहर सुमारे दीडशे मीटर लांबीची. ती सरळ वर जाते, तेथील मोकळ्या इलेक्ट्रॉनांवरून तिचा अत्यल्प अंश परततो, आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून उंची कळते. नव्वद किलोमीटरांवरून येणाऱ्या प्रतिध्वनीला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

वाऱ्याचा वेग कसा कळतो, ते पाहा. तीन शेतांत तीन माणसे उभी आहेत. ढगाची सावली कोणावर केव्हा आली हे त्यांनी टिपले, तर ढगाची दिशा आणि गती निघते. येथे माणसांच्या जागी तीन अँटेना, आणि सावलीच्या जागी प्रतिध्वनीचा सरकणारा आकृतिबंध. एक गंमत अशी, की लहर सोडणारे यंत्रही जमिनीवरच असल्याने हा आकृतिबंध वाऱ्याच्या दुप्पट वेगाने सरकतो. म्हणून आलेला आकडा निम्मा करावा लागतो. रात्री खालचे इलेक्ट्रॉन नाहीसे होतात, तेव्हा ऐंशी किलोमीटरांखाली बहुधा शांतताच असते.

या नोंदींतून वरच्या हवेची भरती-ओहोटी दिसते. ती समुद्राप्रमाणे चंद्राने नव्हे, मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने घडते. खालच्या मेघांतून उठलेल्या लहरीही वर जाऊन तेथे फुटतात. तिरुपतीजवळ गादंकी येथे १०२४ अँटेनांचे प्रचंड रडार उभारले गेले. पण त्यालाही सुमारे तीस ते साठ किलोमीटरांमधून प्रतिध्वनी मिळत नाही.

ग्रंथपालाकडचा हरवलेला अंक निदान दुसऱ्या ग्रंथालयात सापडू शकतो. बंद पडलेल्या रडारच्या त्या दिवसाचा वारा कोठेच सापडत नाही. वेधशाळेतील सम्राटयंत्रावर सरकणारी सावली पाहताना हल्ली मला कोल्हापूरच्या त्या तीन अँटेना आठवतात.