जुन्या घराची डागडुजी

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेलें घर दुरुस्त करून पाहावें, आणि तेंही नवराबायकोनीं मिळून, असें कोणी म्हटलेलें नाहीं. वस्तुतः ही परीक्षा त्या दोन्हींहून अवघड आहे. नवें घर बांधणाऱ्याला निदान कोरी जागा मिळते. जुन्या घराच्या भिंतींत, तुळयांत व दारखिडक्यांत मागच्या पिढ्यांचे निर्णय पक्के बसलेले असतात. त्यांतले कोणते ठेवावे आणि कोणते मोडावे, यावर दोघांचें एकमत व्हावें लागतें.

उदाहरणासाठीं आपण मढला जाऊं. वेसाव्याच्या धक्क्यावर होडींत बसून खाडी ओलांडली कीं मढ आलेंच. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी, असा हा पट्टा. मढ, एरंगळ, भाटी या गांवांतून कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचीं जुनीं घरें अजून आढळतात: दगडी जोतें, चुन्यांत बांधलेल्या जाड भिंती, पुढें ओटी, आणि वर लांकडी वाशांवर मंगळुरी कौलें. हीं चपटीं कौलें आपल्या किनाऱ्यावर पसरलीं तीं बासेल मिशननें 1865 सालीं मंगळूरला कारखाना काढल्यानंतर.

समजा, असें एक घर वारशानें एखाद्या जोडप्याकडे आलें. घर दोघांनाही हवें असतें, पण दोघांच्या मनांतलें घर एक नसतें. त्याला आजीच्या वेळची ओटी जशीच्या तशी हवी असते. तिला कोरड्या भिंती आणि उजेडाचें स्वयंपाकघर हवें असतें. कंटाळून दोघेंही एके दिवशीं म्हणतात, ‘पाडून टाकूं, स्लॅबचें बांधूं.’ माझें म्हणणें एवढेंच आहे कीं तो निकाल देण्यापूर्वीं भिंतीचें म्हणणें ऐकावें.

जमिनींतील पाणी भिंतींतून वर चढतें आणि समुद्रावरचा वारा मीठ आणून ठेवतो. चुन्याची भिंत हें पाणी पिते आणि कोरड्या दिवसांत बाहेर टाकते. त्याबरोबर मीठ पृष्ठभागावर येतें, लोणा लागतो, गिलावा झडतो, आणि तो आपण पुन्हां करतों. हा गिलावा भिंतीसाठीं झिजायचाच असतो. परंतु ओलीला त्रासून माणसें त्यावर सिमेंटचा जाड थर देतात. पहिलें वर्ष भिंत कोरडी दिसते. आंतल्या पाण्याला मात्र बाहेरची वाट न मिळाल्यामुळें तें आणखी उंच चढतें, मीठ आंतल्या आंत साचून विटांचा भुगा करतें, आणि कांहीं वर्षांनीं सिमेंटचा पापुद्रा भिंतीचें अंग घेऊनच खालीं येतो. स्लॅबची गतही फारशी वेगळी नाहीं. खाऱ्या हवेंत सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आंतून फुटतें. पोर्टलंड सिमेंटचें पेटंटच मुळीं 1824 सालचें. त्यापूर्वीं जवळजवळ अडीचशें वर्षें, 1575 सालीं उभारलेलें सेंट बोनाव्हेंचरचें चर्च एरंगळच्या किनाऱ्यावर समुद्राचा वारा सोशीत उभें होतें.

तेव्हां पैसा थोडा असेल तर, आणि तो बहुधा थोडाच असतो, कामाचा क्रम आधीं ठरवावा. पहिलें छप्पर. कौल उतरवून वाजवून पाहावें. खणखणीत वाजेल तें ठेवावें, बद्द वाजेल तें टाकावें. वाशांचीं भिंतींत गेलेलीं टोंकें टोंचून पाहावीं, कारण लांकूड कुजतें तें तेथूनच. टोंक कुजलें म्हणून सबंध वासा टाकण्याचें कारण नाहीं. चांगला सुतार तेवढाच तुकडा कापून नवा सांधतो. दुसरें पावसाचें पाणी. तें जोत्यापाशीं न साचतां दूर वाहून जाईल असा उतार करावा; पुष्कळ ओल एवढ्यानेंच ओसरते. तिसऱ्या भिंती: सिमेंट खरवडून दरजा चुन्यानें भराव्या, आणि किनाऱ्यावरची फुकटची खारी वाळू त्यांत मुळींच वापरूं नये. मग स्वयंपाकघर, न्हाणीघर व विजेच्या तारा. रंग सर्वांत शेवटीं. दिवाळीनंतर काम काढावें आणि जून लागण्यापूर्वीं कौलें परत चढलेलीं असावीं. समुद्रकांठच्या बांधकामांवर 1991 सालापासून केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, आणि दुरुस्ती व नवें बांधकाम यांचे नियम एक नव्हेत. म्हणून पहिला दगड हलवण्यापूर्वीं महानगरपालिकेंत चौकशी करावी.

आतां दोघांविषयीं. शक्य असेल तर एक पावसाळा दोघांनीं त्या घरांत काढावा. ओल जेथपर्यंत चढली तेथें खडूनें रेघ ओढून तारीख घालावी. गळतें कोठें तें वहींत लिहावें. मग भांडण मतांचें न राहतां रेघेचें होतें, आणि रेघ कोणाचीच बाजू घेत नाहीं. नवऱ्यानें गवंड्याशीं बोलावें आणि बायकोनें चहा करावा, ही रीत सोडावी. ज्याचे हात जेथें अधिक राबतात तेथें त्याचा शब्द शेवटचा असावा. मात्र गवंड्याला दोन तोंडांनीं हुकूम देऊं नये. रात्रीं दोघांनीं ठरवावें, सकाळीं एकानें सांगावें.

शेवटची गोष्ट नाजूक आहे, म्हणूनच ती बहुतेक घरांत बोलली जात नाहीं. डागडुजीला तिची बचत लागते, कधीं दागिनेही मोडतात. कागदावर मात्र नांव त्याचें किंवा त्याच्या वडिलांचें असतें. घर वडिलार्जित असेल तर त्यांत बहिणींचाही वाटा आहे हें विसरूं नये. हिंदु अविभक्त कुटुंबांत 2005 सालच्या कायद्यानें मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या वारसा कायद्यांतही मुलगा व मुलगी समान आहेत. सर्वांची लेखी संमति आधीं घ्यावी. घर एकट्या पतीच्या मालकीचें असेल तर त्यांतील हिस्सा पत्नीला बक्षीसपत्रानें देतां येतो. राहत्या घराच्या अशा बक्षिसावर महाराष्ट्रांत 2015 सालीं मुद्रांक शुल्क 200 रुपयेच ठेवलें होतें. स्थानिक अधिभार तेवढा वेगळा पडतो. छपराइतकेंच हें कामही आधीं करण्याचें आहे. भिंतींत कोंडलेलें पाणी जें करतें, तेंच मनांत कोंडलेला हिशेब करतो.

एवढें करूनही पहिल्या सरीला एखादें कौल गळेलच. दोघांनीं वर पाहावें, एकानें शिडी धरावी, दुसऱ्यानें कौल सरकवावें, आणि वहींत तेवढी नोंद करावी. पुढच्या वर्षीं ती उपयोगी पडते.