चेहरा आणि भरंवसा

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव निघालें म्हणजे १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. परंतु त्याच्या कितीतरी आधीं फाळके माणसांचे फोटो काढण्याचा धंदा करीत होते, आणि त्या धंद्यांतील त्यांच्या अनुभवांत या कलेचें मर्म सांपडतें.

मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें शिकून त्यांनीं प्रथम गोध्र्यास दुकान मांडलें. तेथें प्लेगनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. पुढें बडोद्यास त्यांनीं पुन्हां धंदा थाटला, तों शहरांत कंडी पिकली, कीं कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो आणि त्याचें आयुष्य घटवितो! धंदा बसला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात.

या समजुतीस हसणें सोपें आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांतील फोटोचें दालन डोळ्यांपुढें आणावें. तिवईवर लांकडी पेटी. तिच्यामागें काळ्या कापडांत डोकें खुपसलेला अनोळखी गृहस्थ. मान हालूं नये म्हणून पाठीमागून लावलेला लोखंडी आधार. आणि भिंगावरील टोपण काढून परत बसवीपर्यंत निश्चळ राहण्याची ताकीद! जुन्या फोटोंतील आपले पणजोबा रागीट दिसतात, ते बहुधा रागीट नसून अवघडलेले असतात. १८७१ सालीं इंग्लंडांत मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कृति प्रसिद्ध केली. तींत पुढें सुधारणा होऊन निश्चळ बसण्याचा काळ क्षणावर आला. मनांतील धास्ती मात्र तितक्या लवकर गेली नाहीं.

प्रकाशयोजना शिकतां येते. खिडकींतून एका बाजूनें येणारा सौम्य उजेड चेहऱ्याला उठाव देतो. दुसऱ्या बाजूस पांढरें कापड धरलें म्हणजे सावली निवळते. आणि डोळे स्पष्ट आले म्हणजे चित्र बोलूं लागतें. परंतु समोरच्याचें मन मिटलेलें असेल, तर ही सारी विद्या वायां जाते.

फाळक्यांच्याच पुढील कामांत याचें उत्तर आहे. १९१८ सालीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि नाशिकास त्यांचे चित्रपट तयार होऊं लागले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्यें कृष्ण झाली ती त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. कथानकास आरंभ होण्यापूर्वीं पडद्यावर केवळ तिचा चेहरा व त्यावर पालटणारे भाव दिसतात. यंत्र तेंच, ज्याची बडोद्यास धास्ती होती. परंतु येथें चित्रपटाचे दिग्दर्शक तिचे वडील होते. भरंवसा असला म्हणजे चेहरा आपोआप उमलतो.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजीं फाळके नाशिकास निवर्तले. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे. आयुष्य घटण्याची भीति उरली नाहीं. पण तो समोर धरतांच घरांतील वडील मंडळी अजून ताठ होतात, आणि पुष्कळदां त्यांची आठवण म्हणून तसलाच एखादा अवघडलेला फोटो भिंतीवर राहतो. म्हणून पुढच्या खेपेस आजीचा फोटो काढावयाचा असेल, तर यंत्र क्षणभर बाजूस ठेवावें. तिला खिडकीशीं बसवावें, तिच्या माहेरची गोष्ट काढावी. आणि ती सांगतां सांगतां रंगली, म्हणजे मग हळूच कळ दाबावी.