गेलं कुठं?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीत बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी, समीकरण संतुलित करायचं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. मी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली दोन लिहून मोकळा झालो. वर्ग हसला, तुम्हीही त्यात होतात! बाई म्हणाल्या, "जुळलं रे, पण हे पाणी कुठं राहिलं? हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. सूत्राला हात लावायचा नाही, आकडा सूत्राच्या आधी लावायचा." मग त्यांनी वजनं मांडली. ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी बरोबर ३६ ग्रॅम. लव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला नियम तो हाच. "काही नाहीसं होत नाही. कमी भरलं तर विचारायचं, गेलं कुठं?"

पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागलो. एका बॅचला २०० किलो द्रावक आत जायचं, १८५ किलो परत मिळायचं. उरलेलं ना मालात, ना गाळात. रजिस्टरात आधीपासून एक रकाना होता, 'घट'. तिथे १५ लिहिलं की बेरीज जुळायची. तीन महिने मी लिहिलं आणि खाली सही केली.

एका रात्रपाळीत लिहिताना हात थांबला. मी पुन्हा सूत्रातच दोन लिहीत होतो. पाइपलाइन धरून चालत गेलो. कंडेन्सरचं थंड पाणी कमी येत होतं, वाफ न गोठता व्हेंटमधून बाहेर पडत होती. म्हणजे ते १५ किलो 'घटलं' नव्हतं. आमच्या माणसांच्या आणि शेजारच्या वस्तीच्या श्वासात जात होतं. साहेबांना सांगितलं. आधी बोलणी खाल्ली, मग पाण्याची लाइन साफ झाली. घट पूर्ण गेली नाही, पण २ किलोवर आली. त्या तीन महिन्यांच्या सह्या मात्र माझ्याच आहेत.

आज नवीन मुलं हाताखाली येतात. त्यांना पहिल्या दिवशी सांगतो, बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, कशी जुळवली ते बघा.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी फळ्यावरचं उत्तर चुकलं होतं. आज पुन्हा बोलावलंत तर बरोबर लिहीन.