विवेकाचे स्वराज्य

(अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



स्वराज्य हा शब्द आपण बहुधा राज्यसत्तेच्या संदर्भात उच्चारतो. परंतु ज्याच्या बुद्धीवर दुसऱ्याचे राज्य आहे, तो मनुष्य स्वराज्याचा नागरिक होऊ शकेल काय? अठराव्या शतकातील युरोपीय तत्त्वचिंतकांनी हा प्रश्न निर्भयपणे विचारला.

१७८३ साली बर्लिनच्या एका मासिकात एका धर्मोपदेशकाने पृच्छा केली की, ‘प्रबोधन’ म्हणजे नेमके काय? पुढल्याच वर्षी इमॅन्युएल कांटने त्यास उत्तर दिले. घोड्यांचे चामडी साज बनविणाऱ्या कारागिराचा हा पुत्र. तो म्हणतो, बुद्धी नाही म्हणून मनुष्य परावलंबी राहत नाही. ती वापरण्याचे धैर्य नाही म्हणून राहतो. विचार ग्रंथाने करावा, पथ्य वैद्याने ठरवावे, पापपुण्य धर्मगुरूने सांगावे, ही व्यवस्था आळसाला मोठी सोयीची असते.

मग शिस्तीचे काय? कांटचे उत्तर कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. पदावरील अधिकाऱ्याने आज्ञा पाळावी, नागरिकाने कर भरावा; परंतु तोच मनुष्य वाचकवर्गापुढे विचारवंत म्हणून लिहितो, तेव्हा त्या आज्ञेतील व त्या करातील दोष दाखविण्यास तो पूर्ण मोकळा असला पाहिजे. शिस्त कृतीला बांधते, विचाराला नव्हे.

स्वयंशासनाची मांडणी याच पायावर उभी राहिली. लॉकने १६८९ मध्ये सांगितले की, राज्यसत्ता ही प्रजेने सोपविलेली ठेव आहे. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये कायदा करणारी, राबविणारी आणि न्याय देणारी सत्ता एका हाती असू नये, असे बजावले. रूसोने १७६२ मध्ये ‘सामाजिक करार’ या ग्रंथात स्वतः घालून घेतलेल्या नियमाचे पालन म्हणजेच स्वातंत्र्य, असे प्रतिपादले. अमेरिकन व फ्रेंच क्रांतींची बाजू मांडणाऱ्या थॉमस पेनचे ‘मानवाचे हक्क’ हे पुस्तक पुढे महात्मा फुले यांच्या वाचनात आले आणि तो विचारप्रवाह महाराष्ट्रातही पोहोचला.

या विचाराची किंमतही मोजावी लागली. धर्मविषयक लेखनाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने सत्तर वर्षांच्या कांटला समज दिली. त्याने मौन पत्करले. १७९७ मध्ये राजा निवर्तल्यावरच ते सोडले. फ्रान्समध्ये काँदोर्सेने १७९० मध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे समान हक्क मागितले. १७९४ मध्ये त्याचा मृत्यू क्रांतिकारकांच्याच कोठडीत झाला. विवेकाचा जयघोष करणारेही विवेक गमावू शकतात, हे येथे दिसते. खुद्द कांटनेही १७९७ च्या ग्रंथात स्त्रिया व घरगडी यांना मताधिकारापासून दूरच ठेवले होते. म्हणूनच थोरांचे विचारही पारखूनच घ्यावेत. तसे करणे हेच त्यांच्या शिकवणुकीशी इमान राखणे होय.

तेव्हा आपल्या घरातील मुलगा वा मुलगी ‘असे का?’ असे विचारते, बैठकीत एखादा तरुण सहकारी नम्रपणे असहमती नोंदवितो, त्या क्षणी आपण काय करतो? त्याला गप्प बसवितो, की कारण देतो? कारण देण्याची सवय जेथे घराघरांत रुजते, तेथेच लोकशाही टिकते. ती सवय आपण आपल्यापासून लावून घेऊ या.